नवीन शाखेची आवक

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परत आले त्या सोमवारी मॅडमनी मला खुर्चीच्या आधी काम दिलं. खुर्ची खरोखरच नव्हती. माझी खुर्ची कुणीतरी खाली पॅकिंगला नेली होती आणि तिच्या जागी कोऱ्या कागदांचे गठ्ठे रचून ठेवले होते.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तीन डॅशबोर्ड काढलेत. तिन्हींची चौदा दिवसांची ट्रायल आजपासून सुरू. वापरून बघ आणि कुठला घ्यायचा ते सांग. दोन पानांत. मला पुराण नकोय."

आमची कंपनी चष्म्याच्या काचा तयार करते. दुकानदार नंबर कळवतात, आम्ही काच घासतो, फ्रेमच्या मापाने कापतो आणि पाठवून देतो. तळमजल्यावर यंत्रं, पहिल्यावर तपासणी, दुसऱ्यावर आम्ही. शाखा सहा. किती ऑर्डरी आल्या, किती त्याच दिवशी गेल्या, किती काचा तडकल्या, किती परत आल्या, हे सहा जण सहा तऱ्हांनी लिहीत आणि महिनाअखेरीला त्या सगळ्याची मोट बांधताना आमच्या नाकी नऊ येत. डॅशबोर्ड आला की हेच सगळं एका पडद्यावर चौकटीचौकटींत आपोआप दिसणार होतं.

त्यांच्या चिन्हांच्या रंगांवरून ऑफिसात त्यांना निळा, हिरवा आणि राखाडी अशीच नावं पडली. निळा आणि हिरवा मी ऐकून होते. राखाडी नव्हता.

"हा तिसरा कुणी सुचवला?" मी विचारलं.

"तूच की! रजेवर जाताना यादी नाही का देऊन गेलीस?"

माझ्या आठवणीप्रमाणे त्या यादीत दोनच नावं होती. पण माझ्या आठवणीवर पैज लावायचे दिवस ते नव्हते. मागच्याच आठवड्यात डोक्यावर असलेला चष्मा मी घरभर शोधला होता. चष्म्याच्या कंपनीत काम करणाऱ्या बाईने.

खुर्ची नव्हती म्हणून मला खिडकीपाशी एका स्टुलावर जागा मिळाली, आणि ते मी माझं नशीब समजले. कारण त्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं पाळणाघर दिसायचं. पहिला मजला, पिवळा पडदा. पडद्याच्या आत माझी चिऊ होती. साडेपाच महिन्यांची.

चिऊ बाटली घेत नव्हती. मी घरी होते तोवर सगळं ठीक होतं, पण रजा संपत आली म्हणून बाटलीची सवय लावायला घेतली आणि तिने जणू संप पुकारला. आदल्या शनिवारी डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, मग मागचा कागद बघितला आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. पाच आठवड्यांत वाढ फक्त ऐंशी ग्रॅम.

"दोन शनिवार बघू," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी आणा. वाढलं तर उत्तम. नाही वाढलं तर तिला दवाखान्यात ठेवून तपासण्या कराव्या लागतील. घाबरू नका हं."

घाबरू नका असं सांगितल्यावर जे होतं तेच मला झालं.

इकडे ट्रायल सुरू झाली, पण भरायला आकडेच नव्हते. सहा शाखांची एकत्र शीट भिंगकाकांकडे. तपासणीत भिंग डोळ्याला लावून ते काचेवरचा केसभर ओरखडा शोधतात, म्हणून हे नाव. ते पुढच्या सोमवारपर्यंत रजेवर होते आणि त्यांच्यामागे त्या शीटला हात लावायची कुणाची छाती नव्हती. चौदातले सात दिवस नुसते वाया जाणार होते.

माझ्याकडे मात्र एक शीट होती, आणि ती कंपनीतल्या कुठल्याही शीटपेक्षा नीट होती. चिऊ जन्मली त्या दिवसापासून तिने किती वाजता दूध घेतलं, किती घेतलं, कधी झोपली, किती वेळा डायपर बदलला, हे सगळं मी लिहून ठेवत होते. दिवसाचं पाळणाघरातल्या मावशी वहीत लिहायच्या आणि संध्याकाळी मी ते शीटवर उतरवायचे. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणायचा, "पोरीचं ऑडिट कधी आहे ते सांग, मी सही करायला येतो."

तीच शीट मी तिन्ही डॅशबोर्डना जोडली. पण माझा पडदा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार होता, म्हणून रकान्यांची नावं बदलली. दुधाला केलं 'आवक', मिलिलिटरला 'नग', झोपेला 'यंत्र बंद', डायपरला 'परत आलेला माल'. सगळ्यावर शीर्षक दिलं, 'नवीन शाखा'.

दुपारी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ही कुठली शाखा गं? आवक फारच कमी आहे."

"नवीन आहे, मॅडम."

"लक्ष ठेव हिच्यावर. अशा शाखा लवकर बंद पडतात."

मी हो म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

मंगळवारपर्यंत तिघांचे गुणदोष कळायला लागले. निळा देखणा, पण दर वेळी उघडायला वेळ घेणारा. हिरवा स्वस्त आणि चपळ, पण आकड्यावर बोट ठेवलं तर त्यामागचं काही दाखवायचा नाही. राखाडीला रूपच नव्हतं. करड्या चौकटी, काळे आकडे, बस. पण कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं की तो आकडा ज्या नोंदींतून आला त्या सगळ्या उलगडायच्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी केली तेही दिसायचं. माझ्या नोंदींपुढे ११८ यायचं. हा माझा कामगार क्रमांक, त्यानेच मी खातं उघडलं होतं.

बुधवारी सकाळी मी तिन्ही पडदे शेजारी शेजारी लावले. कालची आवक. निळा, सहा. हिरवा, सहा. राखाडी, सात.

मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. चूक सापडली म्हणजे अहवालात लिहायला काहीतरी मिळालं. शीर्षकाची ओळही मोजली गेली असेल, किंवा वेळ पुढेमागे होऊन परवाची एक नोंद कालच्यात आली असेल. मी सातवर बोट ठेवलं. सात ओळी उलगडल्या. सहा माझ्या. सातवी अशी होती:

दुपार, ३.४०. नग ११०. नोंद : आई.

मी शीट उघडली. त्यात तीन चाळीसला काहीच नव्हतं. मावशींच्या वहीचा मी मोबाइलवर घेतलेला फोटो उघडला. साडेबारा, चाळीस. अडीच, तीस. पाच, घेतलं नाही. एकशेदहा हा आकडा चिऊच्या बाबतीत महिनाभर कुणीही लिहिला नव्हता.

आणि 'आवक', 'नग', 'यंत्र बंद' या सगळ्यांत मी कुठेही 'आई' हा शब्द वापरला नव्हता.

राखाडीच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी बोलली. आवाज तरुण, जरा सर्दी झालेला.

"मॅडम, तुमच्या डॅशबोर्डला दोन खात्यांवरून माहिती येतेय."

"मी एकच खातं उघडलंय."

"एकशेअठरा ना? ते दुसरं. पहिलं 'आई' नावाने आहे. तुमच्या चार मिनिटं आधी उघडलंय. घरातलंच कुणी असेल ना?"

"हे ऑफिसचं आहे हो."

"मग ऑफिसातलं कुणी असेल," ती म्हणाली आणि शिंकली.

त्या दिवशी पुन्हा ३.४०. नग ११५. गुरुवारी १२०. मी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं, 'राखाडीत एक जादा नोंद येते, कारण शोधत आहे.' हे वाक्य अजूनही त्या मसुद्यात आहे.

शनिवारी चिऊला काट्यावर ठेवलं. एकशेसाठ ग्रॅम जास्त. एका आठवड्यात. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"काय बदललंत?"

"काही नाही."

"काहीतरी केलंच असणार. जे करताय ते चालू ठेवा."

घरी येताना नवरा गाडीत शीळ घालत होता. मी मनातल्या मनात बेरीज करत होते. वहीतल्या दुधावर एकशेसाठ ग्रॅम वजन वाढत नाही. सातवी नोंद धरली तर वाढतं.

सोमवारी साडेतीनला मी मॅडमना दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून रस्ता ओलांडला.

मावशी दारातच हसल्या. "अगं बाई, चिऊच्या आई! आज अशा अवेळी?"

"सहज आले. मावशी, या वेळेला तिला कोणी दूध देतं का?"

"या वेळेला? तीन ते चार म्हणजे सगळी सेना गार. खोटं कशाला बोलू, मीही जरा पाय वर घेते."

लांबट खोली. भिंतीलगत नऊ गाद्या, नऊ बाळं. उकळलेल्या बाटल्यांचा वास आणि पावडरचा वास. पिवळ्या पडद्यातून आलेल्या उन्हामुळे सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे दिसत होते. चिऊ खिडकीकडून दुसरी, कुशीवर, मुठी मिटून झोपलेली. तिच्या गादीपाशी एक लाकडी खुर्ची होती. मी तिच्यावर बसले नाही. का ते सांगता येणार नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

तीन चाळीस झाले.

चिऊचं तोंड हललं. बाळं झोपेत चोखतात, सगळीच चोखतात, मला माहीत आहे. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. चार-पाचदा ओठ हलतात आणि थांबतात.

हे थांबलं नाही. आधी भराभर, मग सावकाश, लयीत. गळा वर-खाली होत होता. खोलीत इतकी शांतता होती की मला गिळण्याचा आवाज ऐकू आला. एक घोट. श्वास. एक घोट. तिची मूठ उघडली आणि समोरच्या रिकाम्या जागेत बोटं पसरून टेकली. माझ्या अंगावर टेकतात तशी.

नऊ मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

मग ती सुटी झाली, डोकं मागे टाकलं आणि गाढ झोपली. ओठाच्या कोपऱ्यातून एक पांढरा ओघळ गालावर आला. मी वाकून तो बोटाने पुसला. कोमट होता.

मी खुर्चीला हात लावून बघायला हवं होतं. लावला नाही.

ऑफिसात परत आले. राखाडीवर ओळ आलेली होती. ३.४०, नग १२०, नोंद : आई.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, ही त्याची चांगली सवय.

"झोपेत चोखत होती, बरोबर? अडीचचं दूध थोडं वर आलं, बरोबर? आणि त्या डॅशबोर्डात दुसरा कुणीतरी घुसलाय. ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत. तू त्यांचं लग्न लावतेयस."

"आणि वजन?"

"वजन वाढलं तर रडायचं का आता? आधी पासवर्ड बदल. नाहीतर ती शीटच काढून टाक तिथून. आपल्या पोरीची माहिती परक्याच्या पडद्यावर हवीच कशाला?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मंगळवारी सकाळी मी राखाडीवरून चिऊची शीट काढून टाकली. 'नवीन शाखा' हे शीर्षक तेवढं राहिलं, खाली चौकटी कोऱ्या. भिंगकाका परत आले होते. त्यांच्याकडून खऱ्या सहा शाखांचे आकडे घेतले आणि तिन्हींत भरले. तिन्हींचे आकडे जुळले. राखाडीतही एकही जादा नोंद नाही.

तीन पंचेचाळीसला मावशींचा फोन आला.

"चिऊच्या आई, जरा येता का? काही केल्या गप्प बसेना. कधी असं करत नाही हो ही."

मी गेले तेव्हा चिऊ लाल झाली होती. मी जवळ घेतलं तर तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, खुर्चीकडे, आणि आणखी जोरात रडली. बुधवारीही तेच. तीन चाळीसपासून मी नेईपर्यंत. त्या दोन दिवसांत तिने बाटलीला तोंडही लावलं नाही. मी अंगावर घेतलं की दोन घोट घ्यायची आणि मान फिरवायची. माझं दूधही कमी झालं होतं. ऑफिसातल्या स्टोअरमध्ये पंप लावून अर्धा तास बसले तरी बाटलीचा तळ जेमतेम झाकायचा.

गुरुवारी सकाळी घरातल्या काट्यावर ठेवलं. नव्वद ग्रॅम कमी.

शनिवार दोन दिवसांवर होता.

मी ऑफिसात आले, स्टुलावर बसले आणि पर्स खांद्यावरून न काढता शीट पुन्हा जोडली. नऊ वाजून सात मिनिटांनी. दुपारी फोन आला नाही. चार वाजता ओळ दिसली. ३.४०, नग १६०.

मागच्या दोन दिवसांची कसर भरून काढल्यासारखी.

अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. मॅडमचा कल हिरव्याकडे होता, कारण त्यावर निम्म्यात काम भागत होतं. ट्रायल संपली की न घेतलेले दोन डॅशबोर्ड आपोआप बंद होणार होते. माझी निवड काय आहे ते मला नीट कळत होतं. ते कळत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही.

मी लिहिलं, 'राखाडी सर्वांत अचूक आहे. इतर दोहोंत जे सुटतं ते यात सापडतं.' हे खोटं नव्हतं. दोन पानं पूर्ण भरावीत म्हणून शेवटी एक सूचनाही जोडली: 'प्रत्येक शाखेला एकच मालक असावा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्याच्या नोंदी सर्वाधिक, त्याच्याकडे मालकी. बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी. म्हणजे एका आकड्याला दोन हात लागणार नाहीत.'

"हे आवडलं मला," मॅडम त्या ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या. "दोन हात लागले की गोंधळ. चला, राखाडी. आणि तुझ्या त्या नवीन शाखेची आवक सुधारली की!"

"हो."

"मी म्हटलं नव्हतं? लक्ष ठेवलं की होतं."

शनिवारी डॉक्टरबाईंनी कागदावर टिंब काढलं. टिंब रेषेवर आलं होतं. दवाखान्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले, आणि नवऱ्याने माझ्या पाठीवर थोपटत म्हटलं, "बघ, उगाच घाबरलीस."

पुढचे तीन आठवडे, खरं सांगायचं तर, चांगले गेले. चिऊ भरली. मनगटाला वळी पडली. मावशी म्हणायच्या, "मांडीत घेतली की हात दुखतात आता." मला झोप मिळायला लागली. खुर्चीही परत मिळाली.

आवक रोज सात. तेवढंच मी बघायचे. आकडा सात असला की पुढे बोट लावायचे नाही.

एकदा लावलं. पाच नोंदी ११८. दोन आई. दुसरी वेळ सकाळी अकराची होती.

पुढच्या आठवड्यात चार आणि तीन.

याचा मला अचंबा वाटायला हवा होता. पण ते हळूहळू झालं आणि दर वेळी त्याला काहीतरी कारण होतं. संध्याकाळी घरी आणल्यावर तिला भूक नसायची, म्हणून मी सातचं दूध बंद केलं. माझं दूध आटत चाललं होतं, म्हणून पंप पिशवीतून काढून कपाटात ठेवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." वजनाचं टिंब दर शनिवारी रेषेवर.

मग तीन आणि चार.

पहिल्या तारखेला राखाडी सगळ्या कंपनीत लागू झाला. भिंगकाकांनी प्रत्येकाच्या टेबलावर यादी ठेवली. सहा शाखा, त्यांचे मालक, त्यांचे पाहणारे. डॅशबोर्डने माझ्याच नियमाने आपोआप काढलेली यादी. खाली सातवी ओळ होती. चिऊची शीट तिथून वेगळी करायची माझ्याकडून राहून गेली होती.

"ही सातवी शाखा कुठे आहे गं?" काकांनी विचारलं. "मी बत्तीस वर्षं इथे आहे, मला नाही माहीत. आणि हे मालकाचं नाव काय म्हणायचं?" त्यांनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं होतं.

नवीन शाखा. मालक : आई. पाहणारे : ११८.

मी मदतीच्या नंबरवर फोन केला. तीच मुलगी. सर्दी बरी झालेली.

"मालकी बदलायची असेल तर मालकाने परवानगी द्यावी लागते, मॅडम."

"त्यांच्याशी संपर्क कसा करायचा?"

"त्या आत्ता चालूच आहेत की. हिरवा ठिपका दिसतोय मला." ती थांबली. "नोंद करतायत. थोडं थांबता का? झालं की विचारते."

मी खिडकीकडे पाहिलं. पिवळा पडदा. अकरा वाजून दोन मिनिटं.

मी फोन ठेवला.

शीट काढून टाकता येईना. 'तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी आहे.' आणि काढता आली असती तरी, नव्वद ग्रॅम मी विसरले नव्हते.

नवऱ्याला ही यादी मी दाखवलेली नाही.

आज रविवार. ऊन बैठकीपर्यंत आलंय. नवरा आंघोळीला गेलाय, पाण्याचा आवाज येतोय. चिऊ सकाळपासून घरी आहे, माझ्याजवळ आहे, एक मिनिटही खाली ठेवलेली नाही. मी तिला मांडीवर घेतलं, अंगाशी लावलं. तिने माझ्याकडे पाहून छान हसून दाखवलं आणि तोंड बाजूला केलं. जेवून आलेली पाहुणी करते तसं, अगदी सभ्यपणे.

मग तिने डोळे मिटले.

तिचं तोंड हलायला लागलं. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मूठ उघडली. बोटं पसरून टेकली.

माझ्या मांडीवरचं वजन वाढलं. थोडंच.

मोबाइल शेजारी होता. मी हळूच उचलला, तिला धक्का लागू नये म्हणून. नवीन ओळ उमटत होती. १०.५८. नगांचा आकडा अजून लिहायचा होता.

वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलं होतं, पाहणारे : १.